मामा, मी डीजे होणार!

बँकेची परीक्षा सोडून आमच्या साताऱ्याच्या भाच्याने ही घोषणा केली, तेव्हा ताईने डोळ्यांना पदर लावला. मीही म्हटले, "बटणे दाबायला कसली आली आहे विद्या?"

पण परवा सांगलीला एका लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलो. एका कानाला हेडफोन, दुसरा कान मांडवात. चालू गाण्याचे मिनिटाला १२० ठोके, पुढच्याचे ११६. ते किंचित पळवून त्याने अशी सम गाठली की सांधा कळू नये! हल्ली यंत्र लय आपोआप जुळवते म्हणे. मग त्याच्या मित्राकडे याहून भारी यंत्र असून मांडव रिकामा का होतो? मंडळींचे पाय जड झाले की ह्याला आधी कळते. त्याला कळतच नाही.

तेवढ्यात एका आजींनी कान झाकले. कोणी न सांगता भाच्याने आवाज उतरवला. (निवासी वस्तीत रात्री दहानंतर ४५ डेसिबल, हा २००० सालचा नियम. मिरवणुकीतल्या भिंतींना तो कोण वाचून दाखवणार?)

घरी येऊन म्हटले, "ताई, होऊ दे त्याला डीजे."

"होईल रे. पण मुलगी कोण देणार?"