डोकं घरी ठेवून येऊ नका

"चल रे, मस्त टाइमपास आहे. फक्त डोकं घरी ठेवून ये."

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातला कोणीतरी पाच-सहा तिकिटं काढतो आणि तिकिटाबरोबर ही सूचना फुकट देतो. सिनेमा ॲनिमेशनचा असेल तर सूचना वेगळी. "तो? अरे, तो लहान मुलांचा आहे." म्हणजे विनोदी सिनेमाला जाताना डोकं चालत नाही आणि ॲनिमेशनला जाताना वय चालत नाही. आता नेमके हेच दोन प्रकार मला जाम आवडतात, तर मी काय करावं?

प्रामाणिकपणे सांगायचं तर ही डोक्याची सूचना मीही लोकांना दिलेली आहे. सोमवार ते शुक्रवार डोक्याचं पार दही झालेलं असतं. रात्री अकराला क्लायंटचा कॉल, सकाळी नऊला स्टँडअप. शनिवारी पुन्हा विचार कोण करणार? पण २०२४ आणि २०२५ मधले बरेचसे सिनेमे मी एकामागोमाग बघितले, काही थिएटरात, काही घरी, आणि मला एक गंमत जाणवली. ज्या सिनेमांनी डोकं बाहेर ठेवायला सांगितलं, ते बघून मी आणखीनच दमलो. ज्यांनी डोक्याला आत घेतलं, ते बघून फ्रेश झालो. असं का व्हावं?

सुरुवात जून २०२५ मध्ये आलेल्या 'हाऊसफुल ५' पासून करू. क्रूझवर खून, संशयितांची जत्रा आणि सिनेमाच्या चक्क दोन आवृत्त्या, ५ए आणि ५बी. दोन्हींत शेवट वेगळा, खुनी वेगळा. आमच्या धंद्यात याला ए-बी टेस्टिंग म्हणतात. वेबसाइटवरचं बटण निळं ठेवायचं की हिरवं हे ठरत नसेल तर अर्ध्या लोकांना हे दाखवायचं, अर्ध्यांना ते. पण त्यासाठी आम्ही लोकांकडून तिकिटाचे पैसे घेत नाही हो! मी ५ए बघितला. नाना पाटेकर पडद्यावर येतो तेव्हा जरा जीव येतो, बाकी प्रत्येक विनोदाच्या मागे एक आवाज, तुम्हाला कळलं नसेल तर कळावं म्हणून. पण माझ्यातल्या इंजिनिअरला डाचलं ते वेगळंच. शेवटी खुनी बदलला तरी आधीचं सगळं तसंच चालून जातं, याचा अर्थ त्या आधीच्या तासांत कोणी काय केलं याला काडीची किंमत नाही. मग मी तरी ते कशाला बघत होतो?

याउलट 'मडगांव एक्सप्रेस'. मार्च २०२४ मध्ये आलेला, कुणाल खेमूने दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा. तीन मित्र, शाळेपासूनचं गोव्याला जायचं स्वप्न, बदललेली बॅग, ड्रग्ज, गुंड... म्हणजे मालमसाला तोच. उपेंद्र लिमयेचा मेंडोझा आणि छाया कदमची कांचन कोंबडी, दोघंही कहर. पण सिनेमा उभा आहे तो डोडोवर. दोन मित्र परदेशात जाऊन मोठे झाले, हा मागे राहिला, आणि ते कळू नये म्हणून सेलिब्रिटींबरोबरचे खोटे फोटो बनवून फेसबुकवर टाकतो. पुढचा सगळा गोंधळ त्या एका लाजेतून सुरू होतो. मी खो खो हसत होतो आणि मधेच आतून काहीतरी टोचलं. लिंक्डइनवर आपण सगळेच थोडेथोडे डोडो असतो की! उत्तरार्ध ताणलाय, मान्य. पण त्या लाजेमुळे तिघांचं काय होणार याची मला शेवटपर्यंत फिकीर होती.

हे काही नवीन शोध लावल्यासारखं सांगत नाहीये. 'अशी ही बनवाबनवी' आठवा. १९८८ सालचा, सचिनचा. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, पण ती आपल्याकडे अशी काही मुरली की मूळ सिनेमा लोकांना माहीतही नसतो. आम्ही मित्र जमलो की कोणीतरी सत्तर रुपयांचा विषय काढतोच, आणि पुढचा अर्धा तास वाया जातो. पण हसू बाजूला ठेवून गोष्ट बघा. चार तरुण पोरं, खिशात पैसे नाहीत, राहायला जागा नाही, आणि जागा मिळते ती फक्त बायको असणाऱ्याला. पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधताना "बॅचलर? नाही हो, सोसायटीचा नियम आहे" हे मी इतक्या दारांवर ऐकलंय की लक्ष्याने साडी का नेसली हे मला कुणी समजावून सांगायला नको! सदतीस वर्षांहून जास्त झाली तरी तो सिनेमा शिळा होत नाही, कारण त्याच्या खालची भीती अजून शिळी झालेली नाही.

कोणी म्हणेल, निव्वळ येडपटपणाचं काय? त्याला कुठे लागते भीती नि बीती? तर 'अंदाज अपना अपना' घ्या. १९९४ मध्ये आपटला, पुढे डोक्यावर घेतला गेला, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात आला. त्यातला येडपटपणा घड्याळाच्या काट्यासारखा बसवलेला आहे. करणाऱ्यांनी डोकं घरी ठेवलं नव्हतं.

आता 'लहान मुलांच्या' सिनेमांकडे वळू.

'इनसाइड आउट २' मी भाचीला घेऊन बघितला. ती नऊ वर्षांची, म्हणजे मी अधिकृतपणे 'तिला दाखवायला' गेलो होतो :) २०२४ मध्ये या सिनेमाने जगभरात दीड अब्ज डॉलरहून जास्त कमावले, त्यात माझे पॉपकॉर्न धरले नसावेत. पहिल्या भागातली रायली आता तेरा वर्षांची झालीये आणि तिच्या डोक्यात नवीन मंडळी राहायला आलीत. त्यातली मुख्य म्हणजे अँग्झायटी. नारिंगी रंग, विस्कटलेले केस, सतत हातात काहीतरी. ती खलनायक नाही, ही या सिनेमाची सगळ्यात शहाणी गोष्ट. ती रायलीचं भलंच करायला आलीये. एका प्रसंगात ती ओळीने टेबलं मांडून कामगारांकडून उद्या काय काय चुकू शकतं याची चित्रं काढून घेते, रात्रभर. मला थिएटरात हसू फुटलं, कारण आमच्या प्रोजेक्टचं रिस्क रजिस्टर असंच तयार होतं.

मग तो हॉकीच्या मैदानावरचा प्रसंग. रायलीला श्वास घेता येत नाही, छाती धडधडतेय, आणि आत अँग्झायटी कंट्रोल पॅनलभोवती इतक्या वेगाने फिरतेय की तिचं वादळ झालंय. त्या वादळाच्या मधोमध ती स्वतः मात्र गोठून उभी. तिलाही थांबता येत नाहीये. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. भाचीने ते बघितलं असावं. हळूच म्हणाली, "मामा, तुला पण होतं का असं?"

"छे, मला कशाला होईल?" मी म्हणालो.

खोटं बोललो. त्याच्या दोनच आठवडे आधी एका रिलीजच्या रात्री मला नेमकं हेच झालं होतं. रात्रीचे दोन, प्रॉडक्शनवर एक जॉब अडकलेला, कॉलवर सोळा माणसं, आणि मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीला टेकून श्वास मोजत उभा. दुसऱ्या दिवशी मित्रांना हा किस्सा मी काय रंगवून सांगितला होता! सगळे पोट धरून हसले, मीही हसलो, आणि विषय संपला. ज्याला ते 'लहान मुलांचा' म्हणतात त्या सिनेमाने तो विषय संपलेला नाही हे मला दाखवलं.

सिनेमाच्या शेवटी अँग्झायटीला कोणी हाकलून देत नाही. तिला आरामखुर्चीत बसवून चहा देतात. अजून काय पाहिजे?

दुसरा सिनेमा 'फ्लो'. हा घरी, एकट्याने, दिवे मालवून बघितला. लॅटव्हियाच्या गिन्ट्स झिलबालोदिसचा. सगळीकडे पूर आलाय, माणसं गायब, आणि एका होडीत एक मांजर, कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक लांब पायांचा पक्षी. अख्ख्या सिनेमात एकही संवाद नाही. प्राणी प्राण्यांसारखेच वागतात, कोणी जोक मारत नाही, कोणी नाचत नाही. सुरुवातीची दहा मिनिटं हात सवयीने मोबाइलकडे गेला. मग विसरलो. कोणी काही समजावून सांगत नसेल तर डोकं आपोआप कामाला लागतं, आणि त्यात थकवा येत नाही. मांजर पाण्यात पडलं की मीही श्वास रोखत होतो.

आता यातला माझ्या जिव्हाळ्याचा भाग. हा सिनेमा ब्लेंडरमध्ये केलाय. ब्लेंडर म्हणजे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून, एक लाख युरो जमवून ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. ते माझ्या लॅपटॉपवर पण आहे. मी त्यात शिकाऊ लोक करतात तो डोनट करायला घेतला होता, तो अजून अर्धवट आहे. या गड्याने आधी 'अवे' नावाचा एक अख्खा सिनेमा एकट्याने केला, २०१९ मध्ये. मग छोटी टीम जमवून 'फ्लो', आणि मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं तेव्हा समोर 'इनसाइड आउट २' आणि 'द वाइल्ड रोबोट' होते. लॅटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत. आपल्या पुण्याहूनही कमी!

आपल्याकडे हात कमी आहेत का? मुळीच नाही. 'लाइफ ऑफ पाय'चा तो वाघ बनवणाऱ्या कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादमध्येही होते. म्हणजे आम्ही सॉफ्टवेअरवाले जे करतो तेच. दुसऱ्याचं डिझाइन, दुसऱ्याची डेडलाइन, आपली रात्र. कमी आहे तो समोरच्यावरचा विश्वास. ॲनिमेशन म्हणजे मुलांचं, आणि मुलांचं म्हणजे कसंही चालेल, असं आपण धरून बसलो.

म्हणून जुलै २०२५ मध्ये आलेल्या अश्विन कुमारच्या 'महावतार नरसिंह'चं मला कौतुक वाटलं. त्याने जगभरात ३०० कोटींहून जास्त कमावले. सिनेमा निर्दोष नाही. काही चेहरे मख्ख आहेत, काही मारामाऱ्या व्हिडिओ गेमसारख्या वाटतात. पण शेवटी खांब फुटतो तेव्हा आमच्या थिएटरातल्या आजी-आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे ताठ होऊन बसले होते. "मुलांचा आहे" असं कोणी म्हणत नव्हतं. आता यापुढचा सिनेमा पुराणाबाहेरचा यावा. भाड्याने जागा शोधणाऱ्या पोरांचा यावा, रिलीजच्या रात्रीचा यावा. प्रेक्षक आहे, हे तर सिद्ध झालंच.

तर मुद्दा असा, की दमलेल्या डोक्याला झोप पाहिजे असेल तर झोपावं, त्यासाठी मल्टिप्लेक्स कशाला? सिनेमात जी विश्रांती मिळते ती वेगळी. आपण ज्याला घाबरतो, ज्याची लाज वाटते, ते समोर कोणीतरी नीट मांडलेलं दिसतं आणि 'अरे, हे फक्त माझंच नाही' असं वाटून जीव हलका होतो. चांगला विनोद हे करतो, आणि एखादं बोलता न येणारं मांजरही करतं. पण त्यासाठी डोकं सोबत लागतं.

असो. येत्या शनिवारी भाची पुन्हा येतेय. 'फ्लो' तिने अजून बघितलेला नाही, तो दोघं मिळून बघणार आहोत. आणि त्या दिवशी तिने जे विचारलं होतं ना, त्याचं खरं उत्तर द्यायचं राहिलंय. हो गं, मामाला पण होतं असं.

तेवढं तिला सांगायचंय.