जिद्द आहेच, मैदान कुठे आहे?

एखाद्या साध्या कॉलेजचा मुलींचा हॉकी संघ दोन मोठे सामने जिंकला की ठरलेले मथळे येतात. 'गरिबीवर मात', 'जिद्दीची कहाणी', 'आता चमत्कार घडणार का?' या कौतुकात एकच प्रश्न नसतो : हा संघ 'दुबळा' ठरला कसा? माझे म्हणणे सरळ आहे. दुबळा संघ जन्माला येत नाही, तो घडवला जातो. राष्ट्रीय स्पर्धेत त्याला किती संधी आहे, हे पहिली शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

आपल्या वसई-विरारचेच बघा. इथल्या कॉलेजच्या मुलीला आधी मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकावे लागते, मग विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तिथे संघ वर आला तर अखिल भारतीय स्पर्धा. या चार पायऱ्या चढायच्या कशावर? ऑलिंपिकची हॉकी 1976 च्या मॉन्ट्रियलपासून कृत्रिम टर्फवर खेळली जाते. मातीवर शिकलेल्या मुलीला टर्फवरचा चेंडू वेगळाच वाटतो. त्याचा वेग, उसळी, अडवण्याची वेळ सगळे नव्याने शिकावे लागते. मुंबईतले हॉकीचे सर्वांत नावाजलेले टर्फ चर्चगेटला, विरारपासून 60 किलोमीटरवर. सकाळच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात नुसते उभे राहायला जागा नसते, तिथे स्टिक आणि किटबॅग घेऊन चढून दाखवा. त्यात नळाला पाणी येण्याची वेळ आणि सरावाची वेळ एकच असेल तर घरात कोणाला थांबवले जाते, भावाला की बहिणीला?

"मग टोकियोत मुली जिंकल्याच ना?" असे कोणी विचारेल. जरूर जिंकल्या. 2021 च्या त्या ऑलिंपिकमध्ये पहिले तीन सामने हरलेल्या भारतीय महिला संघाने पुढे आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवले, उपांत्यपूर्व फेरीत बलाढ्य ऑस्ट्रेलियाला 1-0 ने घरी पाठवले आणि चौथा क्रमांक मिळवला. पण त्याला चमत्कार म्हणू नका. 2018 पासून ओडिशा सरकार राष्ट्रीय संघाचे प्रायोजक होते. त्याच ओडिशाने सुंदरगड या आदिवासीबहुल जिल्ह्यात तालुक्याच्या पातळीवर टर्फ घालण्याची योजना हाती घेतली. टोकियोच्या संघातली दीप ग्रेस एक्का याच सुंदरगडची. आपला पालघरही आदिवासीबहुल जिल्हा आहे, 1 ऑगस्ट 2014 ला स्वतंत्र झालेला. काटकपणा जव्हार-मोखाड्याच्या मुलींत कमी आहे का? फरक मुलींच्या पायांत नाही, पायाखालच्या जमिनीत आहे.

आणि मैदान मिळाले म्हणजे लढाई संपली, असेही नाही. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक करणारी वंदना कटारिया ही ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला. 4 ऑगस्टला भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर फटाके फुटले. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, अशा जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या, अशी तक्रार कुटुंबाने पोलिसांत केली. दोन दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध तिनेच गोल केला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेणाऱ्या पालवणकर बाळूंची गोलंदाजी सवर्णांना हवी होती. कर्णधारपद द्यायची वेळ आली की मात्र जात आडवी यायची. शंभरपेक्षा जास्त वर्षे गेली, हिशेब तोच. जिंकलात तर देशाचे, हरलात तर जातीचे.

आपल्या चळवळीतही काही जण म्हणतात, खेळून काय होणार, पोरींनी अभ्यास करावा. मित्रांनो, महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. मैदान न मिळालेली मुलगी त्या रांगेत उभीच राहू शकत नाही. म्हणजे मैदान नाकारणे हे संधी नाकारणेच आहे, आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न आपल्याला नवा नाही.

जिद्दीला किंमत नाही, असे मी म्हणत नाही. उलट जिद्द हीच एक गोष्ट या मुली घरून घेऊन येतात. बाकी सगळे देणे व्यवस्थेचे काम आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा विषय राज्याच्या सूचीत आहे, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून सुटका नाही. म्हणून पुढच्या वेळी अशा संघाचे फोटो शेअर करताना सोबत एक माहिती अधिकाराचा अर्जही टाका. शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी किती भूखंड राखीव आहेत? त्यांपैकी किती आज मोकळे आहेत? महापालिकेने गेल्या पाच वर्षांत क्रीडा विभागावर किती खर्च केला आणि त्यातला मुलींच्या वाट्याला किती आला? उत्तरे आली की प्रभागाप्रभागात ती वाचून दाखवा.

आपल्या मुलींना टाळ्या मिळतीलच. त्या आधी त्यांना सपाट मैदान मिळाले पाहिजे. मग बघू, दुबळे कोण ते.

जय भीम!