आधी आवाज स्पष्ट करा, मग मोठा करा

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. गाव पश्चिम महाराष्ट्रात आहे. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एकाच गावाची नाही. वहिनी शेजारच्या वाडीतल्या सरकारी शाळेत शिकवतात. रात्री जेवताना म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? आमच्या वर्गातले स्पीकर गेलेत. पोरांना शब्द कळत नाहीत. समितीनं नवीन साउंड बॉक्स घ्यायचं ठरवलंय, पंधरा हजारांचं कोटेशन आलंय. कुठला घ्यायचा तेवढं बघून सांगा."

पंधरा हजार म्हणजे घरटी तीनशे रुपये वर्गणी. पन्नासेक घरं. त्यातली निम्मी रोजंदारीवर जाणारी. शहरात आपण तीनशे रुपयांची कॉफी पितो आणि विसरून जातो. तिथे तीनशे रुपये म्हणजे एका बाईची दिवसभराची खुरपणी.

म्हटलं, घेण्याआधी एकदा बघू तरी.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. वर्गात एक जुना डेस्कटॉप, प्रोजेक्टर आणि दोन छोटे स्पीकर. कॉम्प्युटर कुणीतरी वर्षांपूर्वी देणगी दिलेला. विंडोज फार रखडायला लागलं म्हणून शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्यानं त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. त्याचे उपकारच, नाहीतर मशीन कधीच भंगारात गेलं असतं. स्पीकर मात्र लोखंडी कपाटावर, अगदी कोपऱ्यात भिंतीला खेटून. मागचं बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं.

वहिनींनी गणिताचा व्हिडिओ लावला. आवाज काही कमी नव्हता. उलट कपाट थरथरत होतं. पण बाई बोलतायत की पिंपात कुणी बडबडतंय, कळत नव्हतं. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या "साठ". माझ्या शेजारच्या पोरानं वहीत लिहिलं ७.

इथे मी थांबलो. सात आणि साठ. पोराला गणित येत नव्हतं असं नाही, त्याच्यापर्यंत 'ठ' पोचलाच नव्हता.

आता यामागचं साधं शास्त्र सांगतो. कंटाळू नका, उपयोगाचं आहे. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. बोलण्यातला जोर असतो स्वरांचा, तो खालच्या पट्टीत. पण शब्द ओळखायला लागतात ती व्यंजनं. त, ठ, स, श, च यांच्यातला फरक बराचसा २००० हर्ट्झच्या वर राहतो आणि तो मुळातच नाजूक असतो. खाली घुमणारा आवाज वाढला की हा नाजूक भाग त्याखाली दबतो. जुना लँडलाइन फोन आठवा. त्यावरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. बेस जवळपास नाहीच. तरी मुंबईचा माणूस गावाकडच्या आईशी बोलायचा आणि शब्दन् शब्द कळायचा. म्हणजे बोलणं कळायला बेस लागत नाही.

आणि आपण स्पीकरचं काय केलं होतं? कोपऱ्यात ठेवला. भिंत आणि कोपरा खालचा आवाज फुगवतात. खाली पोकळ लोखंडी कपाट, ते स्वतःच वाजतं. वर बेसचं बटण फुल. मग कळत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवला. त्यानं घुमणं अजून वाढलं.

पहिलं काम फुकटचं केलं. स्पीकर कपाटावरून टेबलावर आणले, भिंतीपासून हातभर पुढे, पोरांच्या कानाच्या उंचीला, तोंड वर्गाकडे. बेसचं बटण मध्यावर. एवढ्यानंच निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं कॉम्प्युटरमध्ये. लिनक्सवर हल्ली आवाजाची सगळी वाहतूक पाइपवायर नावाची यंत्रणा सांभाळते. मिंटच्या २२ व्या आवृत्तीपासून ती मुळातच येते आणि या मशीनवर तीच आवृत्ती होती. तिच्यावर चालणारा ईझीइफेक्ट्स नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधायचं, इन्स्टॉल करायचं, आउटपुटच्या भागात इक्वलायझर जोडायचा. व्हिडिओ असो, ऑडिओ असो, कॉम्प्युटरमधून जो आवाज बाहेर पडेल तो त्यातून गाळून जातो. पट्ट्यांची संख्या मी दहावर आणली, कारण मास्तरांना समजायला दहा पुरतात.

मग पुढीलप्रमाणे केलं. कुणाला करून बघायचं असेल तर आकडे देतो:

१) सगळ्यात खालच्या दोन पट्ट्या, साधारण ६० हर्ट्झपर्यंतच्या, जवळजवळ बंद. तीन इंची स्पीकर तो आवाज काढूच शकत नाही, नुसता धापा टाकतो.

२) २५० च्या आसपासची पट्टी ५ डेसिबल खाली. पिंपासारखं घुमणं इथे होतं. शेजारच्या दोन पट्ट्या २ डेसिबल खाली.

३) २००० च्या आसपास २ डेसिबल वर, ४००० च्या आसपास ३ डेसिबल वर. व्यंजनं इथून येतात.

४) आणि जे बहुतेक लोक विसरतात ते. जेवढं वर नेलं तेवढं एकूण पातळीतून कमी करायचं. मी ३ डेसिबल कमी केले. नाहीतर आवाज फाटतो आणि मग लोक म्हणतात, सॉफ्टवेअर बेकार आहे.

हे आकडे म्हणजे काही मंत्र नव्हे. तुमची खोली वेगळी, स्पीकर वेगळा. पद्धत अशी: एकेक पट्टी मुद्दाम वर न्यायची. ज्या पट्टीवर आवाज सगळ्यात घाण वाटेल, तिथून खाली आणायचं. नियम एकच, वाढवण्याआधी कमी करून बघा. कारण ३ डेसिबल वाढवणं म्हणजे दुप्पट पॉवर मागणं, ६ डेसिबल म्हणजे चौपट. छोट्या स्पीकरकडे ती नसते. कमी करायला मात्र काहीच लागत नाही.

तुलना करताना दोन्हीकडे आवाजाची पातळी सारखी ठेवा, हेही महत्त्वाचं. नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो. कानाला ही खोड आहेच. आणि खरं सांगू का, आपल्या सार्वजनिक जीवनालाही आहे.

आमच्या भागात भिंतीएवढ्या साउंड सिस्टिमला 'डॉल्बी' म्हणतात. वरातीत, मिरवणुकीत, जयंतीला. छातीत धडधड झाली पाहिजे, तर आवाज चांगला. तोच हिशोब आपण शाळेत आणतो. ग्रामसभेत माईक किंचाळतो आणि ठराव काय झाला ते शेवटच्या माणसाला कळत नाही. स्टँडवर घोषणा होते आणि सगळे एकमेकांना विचारतात, "काय म्हणाला हो?" उपाय काय? अजून एक भोंगा. बोलणाऱ्याचा आवाज मोठा झाला, पण ऐकणाऱ्याला कळलं का हे कुणी विचारतच नाही.

माझा मुद्दा इथे आहे. सार्वजनिक पैसा असो की लोकवर्गणी, आपण वस्तू विकत घेतो. वस्तूचा फोटो निघतो, फीत कापता येते, दात्याचं नाव रंगवता येतं. वस्तू नीट लावून देण्याचा फोटो कसा काढणार? म्हणून ती लावायला अर्धा दिवस कुणी देत नाही. कॉम्प्युटर येतो, प्रोजेक्टर येतो, स्पीकर येतात, आणि जिथे प्लग असेल तिथे बसवून माणसं निघून जातात. मग दोन वर्षांनी "खराब झालंय, नवीन घ्या". जुनं कपाटाच्या मागे. ते खराब नव्हतंच, ते कधी जुळवलंच नव्हतं.

काही जण म्हणतील, विंडोजवरही इक्वलायझर मिळतो. हो, मिळतो. इक्वलायझर एपीओ नावाचा चांगला मोफत प्रोग्रॅम आहे, खुशाल वापरा. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला नवं प्रोसेसर आणि सुरक्षेची चिप लागते, जुन्या मशीनवर ते अधिकृतपणे चढत नाही. म्हणजे शाळेतला कॉम्प्युटर चालू आहे, तरी कागदोपत्री म्हातारा ठरला. लिनक्सवर तोच अजून काही वर्षं काढेल, परवान्याचा खर्च शून्य. केरळनं हे मोठ्या पातळीवर करून दाखवलंय. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याचीच काइट ही सरकारी संस्था झाली, आणि सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवणं हा तिथे रोजचा व्यवहार आहे. त्यांनी नुसती डबडी वाटली नाहीत. शिक्षकांना शिकवलं आणि शाळांसाठी स्वतःचं लिनक्स तयार करून दिलं.

दुसरी हरकत जास्त खरी आहे. वहिनींनीच घेतली. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आज आहात. उद्या बिघडलं तर मी हे डेसिबल कुठे शोधत बसू? मला पोषण आहाराचा हिशोब आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे." शंभर टक्के बरोबर. शिक्षकांच्या डोक्यावर अजून एक काम टाकायला मीही विरोधच करेन. पण ईझीइफेक्ट्सची जुळणी ही एक छोटी फाइल असते, प्रीसेट म्हणतात तिला. एकदा केली की कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप लागू होईल अशी सोय आहे. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून वहिनींकडे दिली. त्याच जातीचे स्पीकर शेजारच्या शाळेत असतील, तर तिथेही सुरुवात म्हणून चालेल. म्हणजे काम एकदाच, एका माणसानं करायचं. फक्त तो माणूस कुणाच्या तरी यादीत असला पाहिजे.

माझी मागणी तेवढीच आहे. शाळेला वस्तू देणाऱ्यांनी, मग ते सरकार असो, कंपनी असो की माजी विद्यार्थी, वस्तूसोबत अर्धा दिवस द्यावा. शेवटच्या बाकावर बसून ऐकावं. तालुक्याला एक माणूस असा असावा की जो विकत घेण्याआधी येऊन बघेल. आणि तुमच्यातले जे आयटीत आहेत, पुण्याला, बंगळुरूला किंवा बाहेरच्या देशात, ते दिवाळीत गावी जातातच. एक सकाळ आपल्या शाळेत घालवा.

इक्वलायझरनं सगळं होतं असं मी म्हणत नाही. पत्र्याच्या छपराखाली, उघड्या भिंतींत आवाज घुमतो तो सॉफ्टवेअरनं जात नाही. तिथे जुन्या सतरंज्या भिंतीवर लावल्या, थोडा फरक पडला. फाटलेला स्पीकर जोडता येत नाही. शंभर पोरांचा हॉल असेल तर नवीन सिस्टिम लागेलच. पण तीस पोरांच्या वर्गाला पंधरा हजारांची गरज नव्हती.

शेवटी वहिनींनी एक परीक्षा घेतली. व्हिडिओतूनच शब्द ऐकवले: सात, साठ, पात, पाठ, ताट, थाट. पोरांनी लिहिलं. माझ्या शेजारच्या त्या पोरानं या वेळी साठ लिहिलं. जवळजवळ सगळ्यांचं बरोबर आलं.

एका मुलीचं मात्र नाही. पुढच्या बाकावर बसवलं, तरी नाही. वहिनी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी हिला वर्षभर लक्ष नाही म्हणून रागावतेय."

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे कान तपासायची सोय आहे. वहिनींनी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि तपासणीसाठी तिचं नाव दिलं. वर्गातला आवाज गढूळ होता तोवर कुणालाच नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ती गर्दीत लपून गेली होती. बाकीच्यांचा अडथळा दूर झाला तेव्हा कुठे तिचा दिसला. नवीन मोठा बॉक्स आणला असता, तर कदाचित अजून काही वर्षं दिसला नसता.

समितीनं वर्गणी रद्द केली नाही, असंही सांगून टाकतो. ठराव झाला होता, मागे कसा घ्यायचा? पण रक्कम घरटी पन्नासवर आली, आणि त्यातून वर्गाला पडदे आणि फरशीवर टाकायला जाड सतरंज्या घ्यायचं ठरलं. मला तर हा निर्णय साउंड बॉक्सपेक्षा बरा वाटला.

तुमच्या गावच्या शाळेत स्पीकर कुठे ठेवलाय? पुढच्या वेळी गेलात की शेवटच्या बाकावर पाच मिनिटं बसून बघा. आणि काय ऐकू आलं, ते इथे लिहा.