शिफारसपत्र उघडण्यापूर्वीच लागलेला निकाल



आपला मुलगा पदवीधर झाला, अर्जास प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडले, म्हणजे नोकरीचे दार आपोआप उघडेल, या भ्रमात कोणीही राहू नये. ते पत्र कोऱ्या मनाने वाचले जाते काय? मुळीच नाही. पत्र उघडण्यापूर्वी आडनाव वाचलेले असते, वस्तीचा पत्ता पाहिलेला असतो, बोली कानावर पडलेली असते. तेवढ्यावरून निकाल ठरतो. पत्रात शोधला जातो तो केवळ त्या निकालाचा पुरावा. ‘मेहनती आहे’ हे शब्द एकाच्या पत्रात गुण ठरतात. दुसऱ्याच्या पत्रात त्यांचाच अर्थ ‘बुद्धी बेताची’ असा लावला जातो.

हे आमचे रडगाणे नव्हे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९४६ साली एका व्यक्तीचे सहा गुणावगुण दोन गटांना उलटसुलट क्रमाने ऐकविले. ‘बुद्धिमान, उद्योगी’ हे आधी ऐकणाऱ्यांचे मत अनुकूल झाले. ‘मत्सरी, हट्टी’ हे आधी ऐकणाऱ्यांचे प्रतिकूल. शब्द तेच, फरक केवळ क्रमाचा! आणि आपल्या देशात तर आडनाव हाच पहिला शब्द. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे धाडले होते. दलित आडनावाच्या अर्जदारास बोलावणे येण्याचा संभव सवर्ण आडनावाच्या अर्जदाराच्या सुमारे दोन-तृतीयांश भरला.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्यास गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाची विद्या आणि खुद्द महाराजांचा आश्रय त्यांच्यापाशी होता. याहून थोर शिफारस कोणती? तरीही त्यांना राहावयास घर मिळाले नाही.

‘आडनाव बदला म्हणजे झाले’, असा सल्ला काही शहाणे देतात. दोष वाचणाऱ्याच्या डोळ्यांत आणि औषध आमच्या नावाला? हा न्याय आम्हांस मान्य नाही! संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत जातिभेद निषिद्ध केला. खाजगी कचेरीच्या उंबरठ्याशी तो अनुच्छेद थांबतो. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. नाव व पत्ता झाकून शिफारसपत्रे मुलाखतीपूर्वी तपासावीत. शिफारस करणाऱ्या प्रत्येकास तेच प्रश्न लेखी विचारावेत. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण देऊन ते नोंदवावेत. ज्यांची निवड खरोखर गुणांवर होते, त्यांना यात भय कसले?

आणि आपणही सावध व्हावे. बड्या माणसाच्या गोड विशेषणांमागे धावू नका. ज्याने आपल्या मुलाचे काम प्रत्यक्ष पाहिले, त्याच्याकडूनच पत्र घ्या. कोणते काम, किती काळ, काय साधले, हे त्यात लिहवून घ्या. विशेषण हवे तसे वाकविता येते. केलेल्या कामाची नोंद तितक्या सहजी वाकत नाही. दयेची शिफारस आपणांस नको. आपल्या मुलांचे पत्र इतरांच्या पत्रासारखेच वाचले जावे, एवढाच आपला हक्क आहे, आणि तो आपण मागितलाच पाहिजे.