मुदतीच्या जमिनीवरील घर

नोकरी-व्यवसायानिमित्त नैरोबी अगर मोंबासा येथे वर्षानुवर्षे राहिलेल्या आपल्याकडील मंडळींना केव्हा ना केव्हा तेथे स्वतःचे घर बांधावेसे वाटते. भारतीय पारपत्र हाती ठेवून ते बांधता येते. मात्र त्याखालची जमीन त्यांची कधीच होत नाही. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतील ६५ व्या कलमान्वये परकीयाला जमीन धारण करता येते ती केवळ भाडेपट्ट्याने, आणि तीही फार तर ९९ वर्षे. करारात याहून मोठा हक्क लिहून घेतला, तरी कायदा तो ९९ वर्षांचाच समजतो. कंपनीची पळवाटही बुजविलेली आहे; जिची संपूर्ण मालकी केनियाच्या नागरिकांकडे नाही, ती कंपनी जमिनीच्या बाबतीत परकीयच. एवढेच नव्हे, तर २७ ऑगस्ट २०१० रोजी परकीयांच्या पूर्ण मालकीच्या असलेल्या जमिनी प्रजासत्ताकाकडे परत गेल्या आणि त्यांच्या जागी नाममात्र खंडाने ९९ वर्षांचे पट्टे मिळाले.

यात निव्वळ आकस पाहणाऱ्यांनी त्या देशाच्या जमिनीचा इतिहास चाळावा. ब्रिटिश सरकारने १९०२ च्या कायद्याने गोऱ्या वसाहतवाल्यांना ९९ वर्षांचे पट्टे देऊ केले. तेवढ्याने त्यांचे समाधान होईना, तेव्हा १९१५ साली ही मुदत ९९९ वर्षांची करण्यात आली. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याला अद्याप साडेसातशे वर्षेही झालेली नाहीत! या उदारपणाची किंमत तेथील आफ्रिकी शेतकऱ्याने आपली भूमी देऊन चुकती केली. भारतीयांना तर त्या उंच, थंड, सुपीक पठारावर पाऊलही रोवू दिले नाही. ज्यांच्या श्रमांवर मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग उभा राहिला, त्यांना तेथे जमीन देऊ नये असे धोरण लॉर्ड एल्गिन यांनी १९०८ साली मान्य केले आणि १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने ते कायम ठेवले. तेव्हा ९९९ वर्षांची सनद रद्द झाली म्हणून हळहळण्याचे कारण निदान आपणांस तरी नाही.

मुदतीच्या तत्त्वाशी आमचे भांडण नाही. मुदतीच्या अखेरीला काय होते, हा खरा प्रश्न आहे. सरकारी पट्टा म्हणजे काय, हे मुंबईत कलेक्टरच्या जमिनीवरील सोसायट्यांत राहणाऱ्यांना सांगावयास नको. खंड भरावा, मंजूर नकाशाप्रमाणे ठरावीक मुदतीत बांधावे, हस्तांतरास परवानगी घ्यावी, हे सारे तेथेही आहे. परंतु केनियाच्या २०१२ च्या जमीन कायद्यात एक कळीचे वाक्य आहे. पट्टा संपून जमीन शासनाकडे परत आली व ती सार्वजनिक कामास लागत नसली, तर ती आधीच्या पट्टेदाराला प्रथम देऊ करावी. मात्र तो केनियाचा नागरिक असला पाहिजे. परकीयाला ही हमी नाही. त्याला पुन्हा पट्टा मिळालाच, तर तो शासनाच्या मर्जीने.

येथे आम्हांला कायद्याची बाजू लंगडी वाटते. भूमी राष्ट्राची, हे मान्य. पण तीवर उभ्या केलेल्या भिंती राष्ट्राने बांधलेल्या नसतात. पट्टा संपल्यावर तेथे प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाला वास्तूचे रास्त मूल्य मिळावे, एवढी हमी परकीयाला दिल्याने केनियाच्या सार्वभौमत्वास कोणता धक्का पोचणार आहे?

ही मागणी करताना आपल्या घरची स्थिती मात्र झाकून ठेवता येणार नाही. परदेशी राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परकीयाला रिझर्व्ह बँकेच्या अनुज्ञेवाचून येथे स्थावर विकत घेता येत नाही; पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा एवढीच सवलत. त्या मानाने केनियाचा कायदा सढळच म्हणावयाचा.

ज्यांचा संसार तेथेच रुजला आहे, त्यांना नागरिकत्वाचाही मार्ग आहे. केनियाची घटना दुहेरी नागरिकत्व मानते, आपली मानीत नाही. ते पत्करले की भारतीय पारपत्र जाते. तथापि पुढे ‘ओसीआय’ कार्ड मिळाल्यास शेतजमीन, मळे व फार्महाऊस वगळून भारतात घर घेण्याची मुभा राहते. म्हणजे नैरोबीतील घराची काळजी मिटून पुण्यातील सदनिकेचाही मार्ग बंद होत नाही. नागरिकत्व हा अर्थात केवळ जमिनीचा व्यवहार नव्हे. पुष्कळांचे मन तेथे अडते, आणि त्यात गैर काही नाही.

अशांनी पाया खणण्यापूर्वी पट्ट्यावरील तारीख तेवढी नीट पाहावी. जुन्या पट्टेदाराकडून जागा घेणाऱ्याला नवी ९९ वर्षे मिळत नाहीत, उरलेली मिळतात. आणि नैरोबीतील पुष्कळ पट्टे जुने आहेत.