पंच्याहत्तर क्रेट

आमची सहा टायरची गाडी विकली तेव्हा आळेफाट्यावर ओळखीची माणसं दुखवट्याला आल्यासारखी चौकशी करू लागली. "वहिनी, आप्पांची गाडी काढली म्हणे?" आणि लगेच, "मग आता?" आता पिकअप घेतली, असं सांगितलं की समोरचा थोडा वेळ काही बोलायचा नाही. त्यांचंही बरोबर आहे. आमच्या भागात दारात ट्रक उभा असणं म्हणजे घराचं नाव असायचं. ट्रकवाल्यांचं घर म्हणून सोयरिकी जमायच्या, माझीही तशीच जमली. त्या घरानं ट्रक मोडून पिकअप घ्यावी हे लोकांना खाली उतरणं वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते आज सविस्तर लिहायचं आहे.

लग्न होऊन आले तेव्हापासून गाडीची वही माझ्याकडे आहे. डिझेल, टोल, टायर, ग्रीसिंग, क्लीनरचा पगार, पासिंग, हप्ता, वाटेत दिलेघेतलेले पैसे, सगळं त्यात. आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची गाडी टाटा १६१३. पहिले दोन आकडे एकूण वजनाच्या टनांचे, पुढचे अश्वशक्तीचे, एकशे तीस. ५.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. नऊ टन माल हौद्यात घेऊन ती गाडी घाट चढायची, तेव्हा तिच्या आवाजावरून आप्पा घरात बसून सांगायचे की कोणता गिअर पडलाय. कांदा भरून दक्षिणेत जायचं, येताना नारळ आणायचे, अशी त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या गाडीनं विहीर बांधली, नणंदांची लग्नं केली. तिचं ऋण कुणी नाकारत नाही.

पण वहीत दुसरंच दिसत होतं. भरलेला ट्रक लिटरला साडेचार किलोमीटर देतो. नऊ टन माल असेल तर एका लिटरमागे चाळीस टन-किलोमीटर काम झालं. दीड टन भरलेली पिकअप लिटरला अकरा जाते, म्हणजे साडेसोळा. भरल्या ट्रकपुढे पिकअप टिकतच नाही, आणि "लहान गाडी स्वस्त पडते" असं जे सरसकट बोललं जातं ते खरं नाही. आता त्याच ट्रकमध्ये तीनच टन माल ठेवा. गाडी हलकी झाली म्हणून लिटरला साडेपाच जाईल, काम तेवढंच, साडेसोळा. डिझेलमध्ये दोघं बरोबरीत आले. त्याच्यावर सहा टायर आणि स्टेपनी, क्लीनर, जास्तीचा टोल, विमा, आणि आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस हे सगळं ट्रकच्या अंगावर. नऊ टनांचं भाडं आम्हाला हंगामाचे काही आठवडे मिळायचं. बाकी वर्ष तीन-चार टन, आणि पावसाळ्यात ताडपत्री टाकून गाडी उभी. उभा ट्रक काही मिळवत नाही, पण त्याचे पैसे चालूच राहतात.

हे आमच्याच घरात झालं असं नाही. सहा टायरची गाडी दोन्ही बाजूंनी चेपली गेली आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. दहा टायरच्या गाडीची मर्यादा पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीसवर गेली, त्याहून मोठ्यांचीही वाढली. लांब पल्ल्याचा व्यापाऱ्याचा माल साहजिकच तिकडे गेला. नारायणगावचा टोमॅटो दिल्ली-गुजरातकडे निघतो तो आता मोठ्या गाड्यांतून. उलट जवळचा माल लहान गाड्यांनी उचलला. २००५ साली टाटांचा एस आला, ज्याला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो, तेव्हापासून ही ओढ सुरू झाली. पाऊण टनाची ती गाडी शहराच्या गल्लीत शिरायची. पुढे २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. शेतकरी थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या दारात माल नेऊ लागला आणि तिथं ट्रकचं काही काम नव्हतं, दिवसा तर त्याला शहरात येऊही देत नाहीत. मधल्या गाडीला मधलं काम उरलं नाही.

यांनी, माझ्या यजमानांनी, आप्पांपुढे वही ठेवली. आप्पांनी पानं उलटली आणि विचारलं, "क्लीनरचं काय करणार?" गाडीचं काय होणार हे त्यांनी आधी विचारलं नाही. त्या प्रश्नाकडे पुढे येते.

पिकअप आली ती १.७ टनाची. अडीच लिटरचं इंजिन, चार टायर, केबिनमध्ये चालक आणि शेजारी एखादा माणूस. तिचा खरा गुण मायलेजमध्ये नाही. तो कळतो संध्याकाळी फोन येतो तेव्हा. "वहिनी, पन्नास-साठ क्रेट निघालेत, गाडी मोकळी आहे का?" अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याचे पन्नास-साठ क्रेट. ट्रकच्या काळात या माणसाला रस्त्यापर्यंत बैलगाडीनं नाहीतर ट्रॅक्टरनं माल आणावा लागायचा. मग ट्रक भरेपर्यंत थांबायचं. वरच्या वाडीचा माल आला की गाडी हलणार. तोवर टोमॅटो पिकत राहायचा, कोथिंबीर मान टाकायची. बाजारात उशिरा पोचलेल्या मालाला जो भाव मिळतो तो घेऊन परतायचं. आता गाडी त्याच्या बांधापर्यंत जाते, त्याचा माल घेऊन निघते. वाशीला न्यायचा की कल्याणला, की नारायणगावातच उतरवायचा, हे तो स्वतः ठरवतो. लहान शेतकऱ्याच्या हातात वेळ आली, ही मला या बदलातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. येताना रिकामे क्रेट परत आणायचे असतात, त्यामुळे परतीचं भाडं शोधत वाशीला दोन-दोन दिवस पडून राहणंही संपलं. हे दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवायला असतात. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला हे माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

गाडी लहान झाली, पण मनातला माल लहान झाला नाही. संध्याकाळी आमच्या रस्त्यावर उभं राहून जाणाऱ्या पिकअप पाहा. केबिनच्या वर दोन-तीन थर क्रेट, मागचा फाळका उघडा टाकून त्यावर आणखी एक रांग, आणि गाडीचं तोंड वर उचललेलं. एका क्रेटमध्ये वीस किलो टोमॅटो, रिकामा क्रेट दीड किलोच्या आसपास. पंच्याहत्तर क्रेट म्हणजे सोळाशे किलोच्या थोडं वर. एवढ्यात १.७ टनाची गाडी भरली. रस्त्यावर मात्र एकशेवीस, एकशेतीस क्रेट घेऊन गाड्या निघतात. म्हणजे अडीच टन आणि त्याहून वर.

यासाठी गॅरेजवाल्याकडे सोपा उपाय असतो: पाटा वाढवायचा. मागच्या कमानपाट्यांत एक-दोन पाटे जास्तीचे घातले की गाडी बसत नाही, माल घेऊन ताठ उभी राहते. चालकाला वाटतं गाडीची ताकद वाढली. वाढत काहीच नाही. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, चेसिस तीच, टायर तेच. उलट गाडी दबून जो इशारा देत होती तेवढा बंद झाला. ट्रकला हवेचे ब्रेक, मोठे ड्रम. जड गाडी उतारावर धरून ठेवायची म्हणून ती तशी बांधलेली असते. पिकअपचे ब्रेक तिच्या वजनाच्या हिशेबाचे. माळशेज उतरताना अडीच टन पाठीवर घेऊन चालक पाय ब्रेकवर ठेवून राहिला की ड्रम तापतात, तापले की पकड जाते, आणि खालच्या वळणावर पाय तळाला टेकला तरी गाडी थांबत नाही. आप्पा मुलाला गाडीवर बसवताना एवढंच सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. आज हे सांगणारं माणूस केबिनमध्ये असतंच असं नाही.

इथं आप्पांचा प्रश्न येतो. क्लीनर म्हणजे गाडी पुसणारं, टायर ठोकून पाहणारं पोर, एवढंच नव्हतं. काही वर्षं तो मागं उतरून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचा, घाटात चाकाला दगड लावायचा, रात्री चालकाला जागं ठेवायचा, आणि हळूहळू रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंगला हात लावायचा. मग कायद्यानं जड गाडीचं वेगळं लायसन. आमच्या भागातले जुने चालक या वाटेनं तयार झाले. पिकअपला क्लीनर परवडत नाही, आम्हालाही परवडला नाही. आमचा मुलगा म्हणावा असा तो पोरगा आता एका दहा टायरच्या गाडीवर गेला आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला, की साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येईल. विम्याच्या दाव्यांत अडकलेल्या हजारो चालकांना त्यामुळे दिलासा मिळाला, आणि तो मिळायला हवा होता. पण गावात त्याचा अर्थ असा निघाला की मोटार येते त्याला पिकअप येते. कॉलेज सुटलेला मुलगा, वडिलांनी हप्त्यावर घेतलेली गाडी, एकशेवीस क्रेट, रात्रीचा एकटा प्रवास, पहाटेच्या आत वाशी गाठायची घाई. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर चालून जाईल. सगळ्या एका रात्री एकत्र येतात, तिथं मला भीती वाटते.

आणि माल उतरला की त्याच हौद्यात माणसं चढतात. लग्नाचं वऱ्हाड, मजुरांची टोळी, देवदर्शनाला निघालेल्या बायका. २०२५ च्या श्रावणात, सोमवारी, आमच्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप चढावर चढेना, मागे सरकली आणि दरीत गेली. एका गावातल्या कितीतरी घरांतल्या बाया एका दुपारी गेल्या. मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वाडीतून त्या देवळापर्यंत बायकांनी जायचं कशानं, याचं उत्तरही कुणीतरी द्यायला हवं. जिथं एसटी जात नाही तिथं पिकअपच जाते. आमच्याकडे कुणी असं विचारायला आलं तर आम्ही नाही म्हणतो, आणि नाही म्हणताना मला वाईट वाटतं, कारण त्या बायांना मी ओळखते.

जास्तीचा माल भरणारे सगळे चालक लोभी असतात, असं मी म्हणणार नाही. भाडं क्रेटवर ठरतं, इथं खरी मेख आहे. क्रेटमागे इतके रुपये, मग जितके क्रेट जास्त तितकी कमाई, आणि डिझेल जवळजवळ तेवढंच. हप्ता भरणाऱ्या माणसाला हा हिशेब ओढतोच. शेतकऱ्यालाही सोयीचं, कारण उरलेल्या वीस क्रेटांसाठी दुसरी गाडी बोलवावी लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा वजनाला वीस हजार दंड आहे, वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार. कागदावर तो कडक आहे. पण वजन करायचं तर काट्यावर गाडी चढली पाहिजे. बाजार समितीच्या आवारात येणारी पिकअप फाटकावर मोजली आणि भरतीचा आकडा पावतीवर छापला, तर चालकाला शेतकऱ्यापुढे नाही म्हणायला आधार मिळेल. पोलिसानं घाटात अडवण्यापेक्षा माल भरतानाच आकडा समोर असणं जास्त कामाचं.

आमच्या घरात आम्ही भाडं खेपेवर ठरवलं. पंच्याहत्तर क्रेट असोत की पन्नास, खेपेचे पैसे ठरलेले. पंच्याहत्तरच्या वर घ्यायचे नाहीत. यांनी हे केबिनच्या दारावर आतून लिहून ठेवलं आहे, म्हणजे रात्री बांधावर हुज्जत झाली तर दाखवायला. हुज्जत होतेच. "वहिनी, दहा क्रेटांनी काय बिघडतंय, एवढ्या लांबून आलात." मी सांगते की ते दहा क्रेट उद्याच्या खेपेत पहिल्यांदा घेऊ, आणि ते घेतो.

बहुतेकांनी ऐकलं. दोन-तीन शेजारी-शेजारी बांधांचे शेतकरी आपसात ठरवून तोडणी एकाआड एक दिवस करू लागले, त्यांचं चांगलं जमलं. आमच्या वाटेवरच्या एका जुन्या शेतकऱ्यानं मात्र या हंगामात गाडी बदलली. त्यांचे एकशेदहा क्रेट एका रात्रीत निघतात आणि त्यांना ते एकाच गाडीत हवे आहेत. त्यांचा माल आता दुसऱ्या पिकअपमधून माळशेजनं जातो. चालक विशीतला आहे. यांनी त्याला परवा फाट्यावर गाठून गिअरचं सांगितलं, पोरानं मान हलवली आणि चहा संपवून निघाला.