हशामागचा हिशेब

चित्रपट लोकप्रिय झाला की त्याच्या निर्मितीच्या सुरस कथा प्रसृत होऊ लागतात. कुंदन शाह यांचा १९८३ सालचा 'जाने भी दो यारों' हा त्याचा ठळक नमुना होय. बांधकाम ठेकेदार, महापालिकेचा आयुक्त आणि वृत्तपत्राची संपादिका यांच्या स्वार्थी खेळात सापडलेल्या दोन गरीब छायाचित्रकारांची ही मुंबईतील कथा. तिच्या पडद्यामागील किस्से आजही हौसेने सांगितले जातात. परंतु केवळ गंमत म्हणून ते ऐकून सोडून देणे योग्य नव्हे. त्यांत खर्चाचा एक हिशेब दडलेला आहे.

चित्रपटाला पैसा पुरविला तो राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, म्हणजे पर्यायाने सरकारने. एकूण खर्च सात लाख रुपयांच्या आसपास. त्या काळाच्या मानानेही ही रक्कम तुटपुंजीच. साहजिकच नसीरुद्दीन शाह यांच्या हाती पडद्यावर जो कॅमेरा दिसतो तो त्यांचा स्वतःचा होता, आणि चित्रीकरणाच्या काळात तो चोरीस गेला. निर्मितीची व्यवस्था पाहणारे विधू विनोद चोप्रा महाभारताच्या नाट्यप्रवेशात दुःशासन म्हणून उभे राहिले. अनुपम खेर यांनी रंगविलेला मारेकरी तर संकलनात समूळ गळाला. कष्ट झाले, पण पडद्यावर त्यांची खूणही उरली नाही.

हे किस्से ऐकून 'पैसा कमी असला की कला फुलते' असा सोपा सिद्धान्त मांडण्याचा मोह अनेकांना होतो. तो फसवा आहे. पैशाअभावी जे चित्रपट अर्धवट राहिले किंवा जन्मासच आले नाहीत, त्यांचे किस्से सांगणार कोण? शिवाय या चित्रपटाचे खरे भांडवल सात लाखांचे नव्हतेच. दिग्दर्शक आणि संकलक रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडले होते. पंकज कपूर, ओम पुरी हे नट दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आले होते. या दोन्ही संस्था जनतेच्या पैशावर उभ्या आहेत. त्यांनी वर्षानुवर्षे केलेली गुंतवणूक आणि कलावंतांनी अल्प मोबदल्यात उपसलेले श्रम, या दोहोंची नोंद महामंडळाच्या खातेवहीत होणे शक्य नव्हते.

परताव्याचेही तसेच. प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. पुढे दूरदर्शनमुळे तो घरोघरी पोहोचला आणि २०१२ साली त्याची नवी प्रत पुन्हा चित्रपटगृहांत झळकली. पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर नजर ठेवणारा सावकार इतका काळ थांबत नाही. सार्वजनिक निधीचे प्रयोजन नेमके येथेच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, सरकारी पैशावर निघालेल्या या चित्रपटाने लाचखोर सरकारी अधिकाऱ्यांचीच यथेच्छ टर उडविली आणि तरीही तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. आपल्यावरील हशाचा खर्च सोसण्याइतके मन मोठे असणे, ही लोकशाहीची एक कसोटीच होय. मात्र त्या हशाचा भार कलावंतांनी पदरमोड करून वाहावा, अशी अपेक्षा शासनाने किंवा प्रेक्षकाने धरू नये.